जुन्या एम४ च्या जागी नवी रायफल : ब्रँड कसा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा. पाच-सहा वर्षं वापरलेली एम४ धाटणीची इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट रायफल (खेळात प्लॅस्टिकचे छर्रे मारणारी, बॅटरीवर चालणारी बंदूक), म्हणजे एईजी, आहे. गिअरबॉक्सला, म्हणजे छर्रा उडवणाऱ्या आतल्या यंत्रणेच्या पेटीला, पुढून तडा गेलाय, दस्ता खुळखुळतो, मॅगझिन कधी बसतं तर कधी खेळताना गळून पडतं. हाताशी आठ मिड-कॅप (मध्यम क्षमतेची) मॅगझिनं, ७.४ व्होल्टच्या दोन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या, ६.०३ मिमीची आतली नळी आणि नंतर बसवलेली चांगली मोटर आहे. आता मारुई, जीअँडजी, व्हीएफसी, क्रायटॅक, आयसीएस, केडब्ल्यूए, स्पेक्ना यांतलं काय घ्यावं, की सरळ एके (एके-४७ धाटणीची) घेऊन एलसीटी या ब्रँडकडे वळावं?

ब्रँडचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी ठरवायचं ते हे, की नव्या बंदुकीत नंतर सहज बदलता न येणारं काय आहे. स्प्रिंग, बकिंग (छर्ऱ्याला फिरकी देणारा रबरी तुकडा), आतली नळी, मोटर, वायरिंग या सगळ्या गोष्टी एका दुपारीत बदलून होतात. पण रिसीव्हरची (बंदुकीच्या मधल्या मुख्य सांगाड्याची) बॉडी, गिअरबॉक्सचं कवच, मॅगझिनच्या घराचं माप आणि हॉप-अप चेंबर (छर्ऱ्याला फिरकी जिथे मिळते तो भाग) गिअरबॉक्सला नेमकं भिडतंय की नाही, हे बदलणं मोठं काम असतं, म्हणून बहुधा कारखान्यातून जसं येतं तसंच राहतं. पैसे त्यावर खर्च करायचे. पेटीवर 'हाय-टॉर्क मोटर' आणि 'टाइट बोर बॅरल' (अरुंद आतली नळी) ठळक छापलेलं असतं, कारण त्या स्वस्तात टाकता येण्याजोग्या गोष्टी आहेत. कवचाची भिंत किती जाड आहे ते कोणी छापत नाही.

नवी शोधण्याआधी जुनीची तपासणी करा. तडा कुठे गेलाय ते बघा. एम४ मध्ये व्हर्जन २ चा गिअरबॉक्स असतो. त्यात सिलिंडर दिसतो त्या खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसेल. दर गोळीला पिस्टन पुढे येऊन सिलिंडर हेडवर आदळतो आणि तो दणका कवचाच्या पुढच्या भिंतीवर जातो. तिथली धातूची पट्टी पातळ, शिवाय खिडकीचा कोपरा काटकोनी, म्हणून ताण त्या एका टोकावर साठतो. दणका वाढण्याची कारणं ठरलेली आहेत : एम१२० किंवा त्याहून कडक स्प्रिंग (आकडा जितका मोठा तितकी स्प्रिंग कडक), सिलिंडर हेडवर रबराचा पॅड नसणं, आणि हवेची गळती. गळतीकडे लोक दुर्लक्ष करतात. सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये पिस्टनला उशीसारखी थोपवते. ओ-रिंग (पिस्टनवरची रबरी कडी) झिजली किंवा नोझल (हवा छर्ऱ्यामागे नेणारी छोटी नळी) नीट बसत नसेल, तर ती उशीच राहत नाही. रिकामं मॅगझिन लावून ट्रिगर दाबत बसल्यानेही हेच होतं.

गळती बघण्याची सोपी रीत अशी. गिअरबॉक्स उघडल्यावर सिलिंडर, सिलिंडर हेड, नोझल आणि पिस्टन एवढंच एकत्र धरा. नोझलच्या तोंडावर बोट घट्ट दाबा आणि पिस्टन झटक्यात आत ढकला. पिस्टन अर्ध्यावर अडून परत उसळला पाहिजे. हळूहळू आत सरकत गेला तर हवा कुठून जातेय ते कानाला लावून ऐका. मागून फुसफुसत असेल तर पिस्टनची ओ-रिंग, पुढून असेल तर सिलिंडर हेड किंवा नोझल. ओ-रिंग कोमट पाण्यात टाकून हाताने जराशी ताणून बसवली, तर बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं.

फक्त कवच गेलं असतं तर मी नवी बंदूक घ्यायला सांगितलं नसतं. गोल केलेल्या कोपऱ्यांचं, ८ मिमी बेअरिंगचं भक्कम कवच सुटं मिळतं आणि जुने भाग त्यात जातात. अट एकच : जुने शिम (गिअरखालच्या पातळ चकत्या) तसेच उचलून टाकायचे नाहीत. प्रत्येक कवचाच्या मापात मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक असतो, त्यामुळे गिअर नव्याने शिम करावे लागतात. बेव्हल, स्पर आणि सेक्टर हे तिन्ही गिअर बोटाने मोकळे फिरले पाहिजेत, आणि वर-खाली हलवून पाहिले तर ०.१ मिमीच्या आसपास जागा जाणवली पाहिजे. पण तुमच्या बाबतीत मॅगझिनचं घर आणि दस्त्याची बैठकही गेली आहे. म्हणजे बॉडी संपली. अशा बॉडीत नवं कवच घालणं म्हणजे भिंत पडलेल्या घराला नवं दार.

आता जुन्यातलं नव्यात काय जाईल ते बघू, कारण ब्रँडची निम्मी यादी इथेच गळते.

मॅगझिनं. एम४ ची बहुतेक एईजी मॅगझिनं मारुईच्या मापावर बेतलेली असतात, आणि 'बहुतेक' हाच यातला कळीचा शब्द. आडवी खाच कुणाची अर्धा मिलिमीटर वर, कुणाची खाली. खाच खाली आली की मॅगझिन लॉक होत नाही, वर आली की लॉक होतं पण लोंबतं आणि छर्रे वर चढत नाहीत. थोडासा फरक मॅगझिन कॅचवर निस्तरता येतो. कॅच आट्यांचा असेल तर बटण पूर्ण आत दाबा, डाव्या बाजूला बाहेर आलेला कॅच घड्याळाच्या दिशेने एक फेरा फिरवला की पकड घट्ट होते, उलट फिरवला की सैल. त्याने भागलं नाही तर बारीक कानस घेऊन मॅगझिनची खाच घासावी लागते. एखाद-दुसऱ्या मॅगझिनला ठीक आहे, आठही घासायची वेळ येत असेल तर ती बंदूक घेऊ नका. विकत घेताना आपली दोन मॅगझिनं बरोबर न्या, एक सगळ्यात नवं आणि एक सगळ्यात झिजलेलं. दोन्ही लावून तळाला खालून टपली मारा, मग खाली ओढून बघा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर आज चालेल, वर्षभराने चालणार नाही.

तुम्ही गॅस ब्लोबॅककडे, म्हणजे बॅटरीऐवजी गॅसवर चालणाऱ्या बंदुकीकडे, वळायचं म्हणत असाल, तर ही आठ मॅगझिनं विकून टाका. गॅसवाल्यात व्हीएफसी, डब्ल्यूई, जीएचके आणि मारुईची एमडब्ल्यूएस या प्रत्येकाचं मॅगझिन वेगळं, एकमेकांत बसत नाही. प्रत्येक मॅगझिन ही एक छोटी गॅसची टाकी असते, त्यामुळे जड आणि महाग. थंडीत गॅसचा दाब पडतो तो वेगळाच. हाताळायला गंमत येते यात वाद नाही, पण मोडलेल्या एईजीची जागा भरायला हा मार्ग लांबचा आहे.

आतली नळी. एईजीच्या नळीची हॉप-अपची खाच जवळजवळ सगळ्या ब्रँडमध्ये सारखी असते, त्यामुळे तुमची ६.०३ नव्या बंदुकीत जाईल, लांबी जुळत असेल तर. एम४ ची नेहमीची लांबी ३६३ मिमी. नवी बंदूक आखूड असेल तर ही नळी तोंडातून बाहेर डोकावेल. लांबीबरोबर सिलिंडरचंही बघावं लागतं. ३६३ च्या नळीला बाजूला भोक असलेला सिलिंडर पुरतो, ५०९ च्या नळीला बिनभोकाचा पूर्ण सिलिंडर लागतो. हवा कमी पडली तर छर्रा नळीतच मंदावतो, फार जास्त झाली तर छर्रा बाहेर पडल्यावर मागून येणारा झोत त्याला हेलकावा देतो आणि आवाज वाढतो.

मोटर. एम४ ला लांब दांड्याची मोटर लागते, एके आणि जी३६ ला आखूड. तुमची मोटर एके मध्ये जाणार नाही. 'एके घेऊ का' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

बॅटऱ्या जातील, फक्त जागा मोजून घ्या. बफर ट्यूबमध्ये (दस्ता ज्यावर बसतो त्या मागच्या नळीत) बॅटरी बसणारा दस्ता आणि पुढच्या हँडगार्डमध्ये बसणारा, यांना लागणारे आकार वेगळे. नळीच्या टोकाचे आटे बहुतेक ठिकाणी १४ मिमी उलटे, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने घट्ट होणारे असतात. ट्रेसर (छर्रे उजळवणारं उपकरण) किंवा सायलेन्सर असेल तर एवढं विचारून घ्या. दस्ता आणि हँडगार्ड मात्र पुढे नेता येतील असं धरून चालू नका. बफर ट्यूबचा व्यास आणि बॅरल नटचे (हँडगार्ड पकडणाऱ्या नटचे) आटे ब्रँडगणिक बदलतात. एका ब्रँडचा वरचा रिसीव्हर दुसऱ्याच्या खालच्यावर बसेल ही आशा तर सोडूनच द्या.

आता ब्रँड. एईजी हा प्रकार टोक्यो मारुईने १९९१ मध्ये फामास या फ्रेंच रायफलच्या नकलेपासून सुरू केला, आणि आजही बाकीचे जे माप 'स्टँडर्ड' म्हणून वापरतात ते मारुईचंच आहे. मारुईची ताकद हॉप-अप आणि सातत्य. पेटीतून काढून ०.२५ ग्रॅमचे छर्रे घातले की काही न उघडता सरळ लांब मारते. तिची ऊर्जा मात्र कमी असते, कारण जपानात ०.९८ ज्यूलची कायदेशीर मर्यादा आहे आणि कारखाना त्याच्याही बराच आत राहतो. कडक स्प्रिंग घालून ती वाढवायला गेलात तर जे सातत्य विकत घेतलं तेच घालवाल. मारुईतही दोन घराणी आहेत. जुन्या स्टँडर्ड मालिकेची बॉडी प्लॅस्टिकची, आणि तिच्या एम४ ची नळी मुळाशी हलते ही जुनी तक्रार. दुसरी रिकॉइलवाली 'नेक्स्ट जनरेशन' मालिका. बॉडी घट्ट, छर्रे संपल्यावर आपोआप थांबते, वापरायला फार छान. पण तिचा गिअरबॉक्स स्वतंत्र आहे. नेहमीचे व्ही२ (व्हर्जन २) चे भाग तिथे कामाचे नाहीत. ज्याला बंदूक उघडायचीच नाही, त्याला ही मालिका घ्यायला सांगावी. तुम्ही स्वतः मोटर बदललीत, म्हणजे तुम्ही त्यातले नाही.

जीअँडजी ही तैवानची कंपनी. तिच्या कॉम्बॅट मशीन मालिकेत बॉडी नायलॉन-पॉलिमरची असते. 'प्लॅस्टिक आहे' म्हणून नाक मुरडू नका. स्वस्त झिंक मिश्रधातूची बॉडी पडली की बफर ट्यूबच्या मुळाशी तडकते, चांगला पॉलिमर वाकतो आणि परत येतो. वजनही कमी, चार तास हातात धरायची असते तेव्हा ते कळतं. सुटे भाग सहज मिळतात. खबरदारी एकाच गोष्टीची : ईटीयू म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असलेली आवृत्ती घेतली तर तो बोर्ड त्यांचा स्वतःचा असतो. तो जळला तर नेहमीच्या ट्रिगर कॉन्टॅक्टने काम भागत नाही. घेण्याआधी तोच बोर्ड सुटा मिळतो का, ते विचारा.

क्रायटॅकचं कवच या यादीतल्या सगळ्यात भरवशाच्या कवचांपैकी. ८ मिमी बेअरिंग, फिरवायचा रोटरी हॉप-अप, आणि बॉडीला हलणं जवळजवळ नाही. वरचा आणि खालचा रिसीव्हर हातात धरून उलट दिशांना पिळून बघा, फरक लगेच जाणवतो. तुमच्या जुन्या बंदुकीचा आजार 'बॉडी खुळखुळते' हा असल्याने हे औषध नेमकं आहे.

व्हीएफसीचा जोर बाहेरच्या कामावर. खुणा, रंग, धातूचं फिनिशिंग यांत एईजीवाल्यांमध्ये त्यांच्या तोडीचे मोजकेच, आणि हेकलर अँड कॉख या खऱ्या बंदुकांच्या कंपनीच्या परवान्यावर उमारेक्स विकते त्या मालिकाही तेच बनवतात. आतलं काम व्यवस्थित असतं, पण तुम्ही पैशांचा मोठा वाटा दिसण्यावर देताय हे लक्षात ठेवून घ्या. दिसणं महत्त्वाचं असेल तर त्यात गैर काहीच नाही.

आयसीएसची गोष्ट मजेशीर. त्यांच्या एम४ चा गिअरबॉक्स दोन तुकड्यांत असतो. पिस्टन, सिलिंडर आणि स्प्रिंग वरच्या रिसीव्हरबरोबर निघतात, गिअर खाली राहतात. फॉरवर्ड असिस्टचं (रिसीव्हरच्या बाजूचं) बटण दाबलं की स्प्रिंगचा ताण सुटतो, ही सोय बाकीच्यांनी का उचलली नाही कोण जाणे. मैदानावर दोन वरचे भाग ठेवून एक जवळच्या खेळाला आणि एक लांबच्याला, असं अर्ध्या मिनिटात बदलता येतं. पण कवच त्यांचंच. ते फुटलं तर दुसऱ्या कोणाचं चालत नाही. केडब्ल्यूएचंही थोडं असंच : गिअरबॉक्स मजबूत, ९ मिमीची बेअरिंग, वर्षानुवर्षं न उघडता चालतो. उघडायची वेळ आली की मात्र काही भाग त्यांचेच शोधावे लागतात.

स्पेक्ना आर्म्स हा पोलंडचा ब्रँड, बंदुका बनतात चीनमध्ये. इथे ब्रँडपेक्षा मालिका वाचायची. कोअर, फ्लेक्स आणि एज यांत बॉडीचं साहित्य, गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स सगळं बदलतं. 'स्पेक्ना चांगली की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे, 'कोणती स्पेक्ना' हे विचारलं पाहिजे. स्प्रिंग गिअरबॉक्स न उघडता मागून काढता येते, ही त्यांची मोठी सोय. दस्त्याच्या बाजूने मागून अॅलन की लावून स्प्रिंगचा गाइड दाबून फिरवायचा, स्प्रिंग बाहेर. दोन मैदानांच्या ताकदीच्या मर्यादा वेगळ्या असतील तर या एका सोयीसाठी मी इतर चार उणिवा सोडून देईन. कारखाना एक आणि शिक्का दुसऱ्याचा, असे आणखीही बरेच ब्रँड आहेत. अशा ठिकाणी तीच बंदूक दोन वर्षांनी वेगळ्या आतड्यांसह येते, म्हणून जुन्या परीक्षणांवर विसंबू नका.

सायमाचं नाव एम४ साठी घेणार नाही, एके साठी नक्की घेईन. तिथे आपण येतोच.

सिस्टिमा या कंपनीची पीटीडब्ल्यू ही बंदूक वेगळ्या जातीची आहे. गिअर, मोटर, मॅगझिन सगळं स्वतंत्र. तुमच्या प्रश्नात ती येत नाही.

एके कडे वळायचं का? यांत्रिकदृष्ट्या एके चा व्हर्जन ३ गिअरबॉक्स सरस आहे, हे मान्य करावंच लागेल. पुढची भिंत जाड, त्यामुळे तुम्हाला गेला तो तडा तिथे सहसा जात नाही. दुसरा फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. व्ही३ मध्ये मोटर धातूच्या पिंजऱ्यात बसते आणि तो पिंजरा गिअरबॉक्सलाच पक्का असतो. एम४ मध्ये मोटर मुठीत बसते. म्हणजे मुठीचा कोन आणि तिचे स्क्रू किती आवळले यावर पिनिअन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) आणि बेव्हल गिअरचा मेळ ठरतो. दिसायला छान म्हणून दुसऱ्या ब्रँडची मूठ लावली आणि गिअर किंचाळायला लागले, याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच. एके मध्ये हा प्रश्न येत नाही.

एलसीटी आणि ईअँडएल यांच्या एके स्टीलच्या, खऱ्या बंदुकीच्या अंगाने बनवलेल्या. खुळखुळ हा शब्द त्यांच्याजवळ फिरकत नाही. वजन साडेतीन किलोच्या आसपास किंवा वर जातं. सायमाच्या स्टीलच्या एके त्यांच्या खालोखाल, आणि आतले भाग अगदी स्टँडर्ड असल्याने दुरुस्तीला सगळ्यात सोप्या. पण तुमच्यासाठी हिशेब असा पडतो : आठ मॅगझिनं गेली, मोटर गेली, मॅगझिनचे खिसे बदलावे लागतील आणि हाताला लागलेली सवय मोडावी लागेल. बॅटऱ्या आणि नळी तेवढी उरेल, तीही लांबी जुळली तर. एके आवडते म्हणून घ्यायची असेल तर खुशाल घ्या. तडा टाळण्यासाठी घेणं हा महाग उपाय आहे, तेच काम चांगलं व्ही२ कवच आणि बेताची स्प्रिंग करते.

ऊर्जेचं गणित मागवण्याआधी करून ठेवा. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने गेला की बरोबर १ ज्यूल, म्हणजे ३२८ एफपीएस (फूट प्रति सेकंद). ३५० एफपीएस म्हणजे १.१४ ज्यूल, ४०० म्हणजे १.४९. तीच १.१४ ज्यूलची बंदूक ०.२८ ग्रॅमच्या छर्ऱ्याने साधारण २९६ एफपीएस दाखवेल. 'बंदूक कमजोर आली' अशा निम्म्या तक्रारी इथून निघतात. मैदानाची मर्यादा कुठल्या छर्ऱ्यावर मोजतात ते विचारा. देशादेशांत कायदाही वेगळा. ब्रिटनमध्ये ऑटोवर चालणारीला १.३ ज्यूल आणि एकेकट्या गोळीवालीला २.५ ज्यूल, जर्मनीत ०.५ ज्यूलच्या वर ऑटो चालत नाही. त्यामुळे एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या बाजारांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. बाहेरून मागवत असाल तर नेमकी कोणती आवृत्ती येतेय आणि ती तुमच्याकडे आणता येते का, हे दोन्ही आधी बघा. एम१०० स्प्रिंगचा अर्थ ढोबळपणे तोच, हवाबंद गिअरबॉक्समध्ये १०० मीटर प्रति सेकंद. म्हणून १ ज्यूलच्या आसपासच्या मैदानासाठी एम१२० घातलेली बंदूक घेऊन पेटीवरच्या आकड्याने खूश होण्यात अर्थ नाही. स्प्रिंग काढावी लागेल आणि तोवर कवच मार खात राहील.

आतल्या भागांच्या जाहिरातीतल्या दोन गोष्टींवर थोडं मतभेदाचं बोलतो. पहिली, 'पूर्ण स्टील दात्यांचा पिस्टन'. ऐकायला दणकट, पण तो जड असतो, आणि वेळ चुकून पिस्टन व गिअर एकमेकांवर आदळले तर कुणीतरी मोडणारच. प्लॅस्टिकचे दाते आणि शेवटचा एक-दोन धातूचा असा पिस्टन अशा वेळी फ्यूजचं काम करतो, स्वतः जातो आणि गिअर वाचवतो. बेताच्या स्प्रिंगला तो पुरतो. दुसरी गोष्ट बेअरिंग. बॉल बेअरिंग छान फिरतं, पण कडक स्प्रिंगखाली स्वस्त बेअरिंग फुटलं तर त्यातले गोळे गिअरमध्ये शिरतात आणि सगळ्याचा चुरा होतो. साधी स्टीलची बुश कमी फिरेल पण फुटणार नाही. जाहिरातीत बेअरिंग लिहिलंय म्हणून गुण देऊ नका, कुणाचं आहे ते बघा.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल कमीत कमी एक मोसफेट (मुख्य प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेली बंदूक घ्या. लिपो बॅटरी ट्रिगरच्या तांब्याच्या कॉन्टॅक्टवर ठिणग्या पाडते, ते काळे पडतात आणि मग ट्रिगर कधी लागतो कधी नाही. मोसफेट असला की मुख्य प्रवाह कॉन्टॅक्टमधून जातच नाही. नंतर बसवायचा झाला तर गेट या कंपनीचे टायटन, अॅस्टर यांसारखे बोर्ड स्टँडर्ड व्ही२ मध्ये बसतात, आणि 'स्टँडर्ड कवच' यावर माझा एवढा भर असण्याचं हे आणखी एक कारण. तुमच्या ७.४ च्या बॅटऱ्या वापरण्याआधी मोजा. पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट, प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली कधीच नाही, ठेवून द्यायच्या तर सेलमागे ३.८. फुगलेली असेल तर नव्या बंदुकीला जोडू नका. प्रवाहाचं गणितही सोपं आहे, १३०० एमएएच आणि २५सी (म्हणजे क्षमतेच्या पंचवीस पट प्रवाह) म्हणजे ३२.५ अँपिअर. चांगल्या मोटरला याच्या खूप खालची बॅटरी दिली तर मोटर दोषी वाटते, खरा दोष बॅटरीचा असतो.

तुमच्या हिशेबात माझी निवड अशी. मैदानाची मर्यादा साधारण १.१ ज्यूलच्या जवळ असेल, तर क्रायटॅक पहिली, आणि ती परवडत नसेल तर मोसफेट असलेली पण साध्या ट्रिगरची जीअँडजी. दोन वेगळ्या मर्यादांच्या मैदानांवर खेळत असाल तर मागून स्प्रिंग निघणारी स्पेक्ना. व्हीएफसी तेव्हा, जेव्हा भिंतीवर लावलेली बंदूक बघूनही समाधान हवं असेल. आयसीएस मला आवडते, पण फक्त तिचे सुटे भाग तुमच्याजवळ हमखास मिळत असतील तर. एक कवच सुटं मिळायला किती दिवस लागतील, एवढं दुकानदाराला विचारा, उत्तर पटकन आलं नाही की समजून घ्या. पैसे हिशेबात धरताना पाचव्या भागाएवढे वेगळे ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत बकिंग, एखादी बॅटरी आणि प्लग बदलण्यात ते जातातच.

बंदूक हातात आली की लगेच मैदानावर नेऊ नका. आधी आतली नळी साफ करा, कारखान्याचं तेल त्यात असतंच. दांड्याला कोरड्या कापडाची पट्टी गुंडाळून, हॉप-अप पूर्ण बंद करून, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. बकिंगला सिलिकॉन तेलाचा थेंबही लागू देऊ नका, तेलकट बकिंग छर्ऱ्याला फिरकी देऊ शकत नाही. मग हॉप बंद ठेवून ०.२० चे दहा छर्रे क्रोनोवर (छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मारा. दहांतला सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद यांत पाच-सहा एफपीएसचा फरक असेल तर उत्तम. वीसच्या वर गेला तर हवा गळतेय, आणि बहुतेक वेळा ती नोझल आणि बकिंगच्या जोडात गळते. हॉप-अप चेंबर मागे दाबलेलं राहत नसेल, तर चेंबरच्या पुढे पातळ रिंग घालून ते गिअरबॉक्सला भिडवता येतं. नोझल आखूड असेल तर बदलावं लागतं. एम४ चं नोझल एकवीस मिलिमीटरच्या थोडं वर असतं आणि तिथे ०.२ मिमीनेही फरक पडतो, म्हणून व्हर्निअरने मोजूनच घ्या. परत करायची मुदत असेपर्यंतच हे सगळं उरका.

जुनी मोटर लगेच हलवू नका. पहिले पाचशे-सातशे छर्रे मूळ मोटरवर जाऊ द्या. काही बिघडलं तर दोष कारखान्याचा की तुमचा, हा वाद राहत नाही. मग जुनी बसवताना पिनिअन बघा. दात्यांच्या कडा चाकूसारख्या झाल्या असतील तर पिनिअन बदला, नाहीतर तो नवा बेव्हल गिअर खाईल. दांडा गोल आहे की एका बाजूने सपाट, ते बघून त्याच जातीचा पिनिअन घ्या. मूठ लावून तळाचा स्क्रू हलका होईपर्यंत सोडा. सिंगलवर एकेक गोळी मारत पाव-पाव फेरा आत घ्या. सुरुवातीला आवाज खरखरीत आणि सैल येईल, मग एका जागी तो बसका आणि भरीव होतो, त्याच्या पुढे नेला की शिट्टीसारखा चढतो. भरीव आवाजाच्या जागी थांबा, दोन मिनिटं ऑटोवर थांबून-थांबून मारा आणि मूठ हाताने चाचपा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर अर्धा फेरा मागे घ्या आणि पुन्हा ऐका.